यंत्राचा कौल

तराजूला लबाडी ठाऊक नसते. पारड्यात जे पडेल त्याचे वजन तो दाखवितो. माप खोटे निघाले तर दोष तराजूचा नसून तो हाती धरणाऱ्याचा असतो, हे लहान मूलही जाणते. घड्याळाचेही तसेच. ते मागे पडले म्हणून कोणी त्याला आळशी ठरवीत नाही. ‘हा चाकू चांगला आहे’ असे आपण म्हणतो खरे. परंतु चाकू सज्जन आहे असे काही आपणांस सुचवावयाचे नसते.

गेल्या काही दशकांत मात्र एक निराळ्याच जातीचे यंत्र माणसाच्या घरात आणि कचेरीत येऊन बसले आहे. संगणक हे त्याचे नाव. तो केवळ मोजून थांबत नाही. मोजलेल्यावरून अनुमान काढतो आणि ते अनुमान आपल्यापुढे ठेवतो. क्ष-किरणांनी घेतलेले चित्र तपासून तो फुफ्फुसाचा रोग सुचवितो, कर्ज मागणाऱ्याची पत अजमावतो, आणि काही शहरांत तर चालकावाचून मोटारही हाकतो. मग साहजिकच एक प्रश्न उभा राहतो. ज्या यंत्राला इतके साधते, त्याच्यावर योग्य काय आणि अयोग्य काय हे ठरविण्याचे कामही सोपवावे काय? माणसाचा सदसद्विवेक यंत्रात उतरविता येईल काय?

नुसत्या तर्काने हा प्रश्न सोडवू गेल्यास शब्दांचे पतंग पुष्कळ उडतील, हाती काही लागणार नाही. एका रात्री हा प्रश्न खरोखरीच एका माणसापुढे येऊन ठाकला होता. ती हकीकत आधी पाहावी, हे बरे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि सोव्हिएत संघ ही दोन बलाढ्य राष्ट्रे एकमेकांची वैरी बनली होती. दोघांच्याही भात्यात शहरेच्या शहरे भस्मसात करणारी अण्वस्त्रे होती. उघड युद्ध पेटले नव्हते, परंतु दोघांनाही रात्री स्वस्थ झोप येत नव्हती. अमेरिकेच्या भूमीवरून सुटलेले क्षेपणास्त्र सोव्हिएत भूमीवर येऊन आदळण्यास सुमारे अर्धा तास पुरे. तेवढ्या अवधीत ते येत आहे हे ओळखावयाचे, वरिष्ठांस कळवावयाचे, आणि उलट मारा करावयाचा की नाही हे राज्यकर्त्यांनी ठरवावयाचे. इतक्या घाईत माणसाच्या डोळ्यांवर विसंबून कसे भागणार? म्हणून दोन्ही राष्ट्रांनी पहाऱ्याला यंत्रे बसविली.

सोव्हिएत संघाच्या अशा एका यंत्रणेचे नाव ‘ओको’ असे होते. जुन्या रशियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘डोळा’. नाव मोठे समर्पक होते. या यंत्रणेचे कृत्रिम उपग्रह अंतराळातून अमेरिकेच्या क्षेपणास्त्रतळांवर नजर ठेवीत. क्षेपणास्त्र उडताना त्याच्या शेपटीशी आगीचा प्रचंड लोळ उठतो. पृथ्वीच्या कडेवर, काळ्याभोर अवकाशाच्या पार्श्वभूमीवर, तो लोळ उपग्रहाने टिपावयाचा आणि जमिनीवरील संगणकाने त्याचा अर्थ लावावयाचा, अशी ही योजना होती. १९८२ साली ही यंत्रणा पहाऱ्यास रुजू झाली. मॉस्कोच्या दक्षिणेस सेर्पुखोव-१५ नावाचे एक गुप्त ठाणे होते. उपग्रहांनी पाहिलेले सर्व काही तेथे येऊन पोहोचत असे.

१९८३ चा सप्टेंबर महिना उजाडला तोच वाईट बातमी घेऊन. न्यूयॉर्कहून सेऊलकडे निघालेले दक्षिण कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. ते हेरगिरी करीत असल्याच्या समजुतीने सोव्हिएत लढाऊ विमानाने १ सप्टेंबर रोजी साखालिन बेटाजवळ ते पाडले. विमानातील सर्वच्या सर्व २६९ माणसे प्राणांस मुकली. जगभर संताप उसळला. दोन्ही राष्ट्रांतील ताण इतका वाढला की एखादी ठिणगीही पुरेशी झाली असती. ही घटना ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा वळावे लागणार आहे.

त्यानंतर साडेतीन आठवड्यांनी, २५ सप्टेंबरची रात्र संपून २६ तारीख नुकतीच लागली असताना, सेर्पुखोवच्या ठाण्यात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव हे पाळीवर होते. वय ४४ वर्षांचे. ते सैन्यात असले तरी शिक्षणाने अभियंते होते, आणि ज्या यंत्रणेसमोर ते बसले होते तिच्या अंतरंगाशी त्यांचा चांगला परिचय होता. मध्यरात्र उलटून काही मिनिटेच झाली असतील, तोच भोंगा कर्कशपणे वाजू लागला. भिंतीवरील पडदा लालभडक झाला आणि त्यावर अक्षरे उमटली. त्या शब्दाचा अर्थ होता, क्षेपणास्त्र सुटले!

ठाण्यातील माणसे जागची उठली. साऱ्यांच्या नजरा पेत्रोव यांच्याकडे लागल्या. संगणकाने आपल्या अनुमानाची विश्वसनीयताही सांगितली होती. ती सर्वोच्च दर्जाची होती. पेत्रोव यांनी सहकाऱ्यांना आपापल्या जागी बसविले. तोच भोंगा पुन्हा वाजला. दुसरे क्षेपणास्त्र. मागोमाग तिसरे, चौथे, पाचवे.

नियम स्पष्ट होता. यंत्राने दिलेला इशारा पारखून तो ताबडतोब वर कळवावयाचा. अस्त्रे सोडण्याचा अधिकार पेत्रोव यांना नव्हता. तो राष्ट्राच्या प्रमुखांचा. तथापि हल्ला खरा असल्याचे पेत्रोव यांनी एकदा कळविले असते, तर प्रमुखांजवळ विचाराला काही मिनिटेच उरली असती. आणि त्या दिवसांतील वातावरणात त्यांनी काय ठरविले असते, हे सांगता येत नाही. म्हणजे बटण जरी दुसऱ्याच्या हाती असले, तरी त्या घटकेला सारा भार पेत्रोव यांच्या शब्दावर येऊन पडला होता.

भोंगा वाजतच होता. एका हातात दूरध्वनी, दुसऱ्या हातात ठाण्यात सूचना देण्याचे यंत्र, आणि पाय गळून गेलेले. अशा स्थितीत पेत्रोव विचार करू लागले. अमेरिकेपाशी जमिनीवरून डागावयाची अशी सुमारे १,००० क्षेपणास्त्रे होती. खरोखरच युद्ध पुकारावयाचे असते, तर त्या राष्ट्राने अवघी ५ क्षेपणास्त्रे का सोडली असती? गड सर करावयास निघालेला सेनापती पाच शिलेदार पुढे धाडून उरलेली फौज छावणीत निजवून ठेवील काय? तसे करणे म्हणजे शत्रूला जागे करून त्याच्या हाती तलवार देणेच होय. शिवाय यंत्रणा नवी होती. तिच्यात काही उणिवा असल्याचे पेत्रोव जाणून होते. उपग्रहाकडून येणारी दृश्ये न्याहाळणाऱ्या सहकाऱ्यांना क्षेपणास्त्राची शेपटी कोठे दिसत नव्हती. जमिनीवरील रडारवरही काही उमटले नव्हते. परंतु रडारला क्षितिजापलीकडचे दिसत नसल्यामुळे तिचा दाखला मिळावयास आणखी काही मिनिटे लागणार होती, आणि तेवढी वाट पाहत बसण्याची मुभा नव्हती.

पेत्रोव यांनी दूरध्वनीवरून वरिष्ठांना कळविले की इशारा खोटा आहे.

हे सांगताना त्यांची खात्री होती काय? मुळीच नाही. पुढे अनेक वर्षांनी त्यांनीच प्रांजळपणे कबूल केले की, आपला अंदाज खरा ठरण्याची आणि चुकण्याची शक्यता त्यांना तेव्हा सारखीच वाटत होती. अंदाज चुकला असता, तर मोलाची मिनिटे वाया घालविल्याचा दोष त्यांच्या माथी आला असता, आणि तो द्यावयास मागे कोणी उरले असते की नाही, हाही प्रश्नच होता. मिनिटामागून मिनिट गेले. पंधरा गेली, वीस गेली. रडारवर काही उमटले नाही. आकाशातून काही कोसळले नाही. अखेर साऱ्यांच्या जिवात जीव आला.

मग यंत्राला दिसले तरी काय? पुढे चौकशीअंती उलगडा झाला. उंचावरील ढगांवर पडलेले सूर्याचे किरण, त्या दिवसांतील सूर्याचे आकाशातील स्थान आणि उपग्रहाची जागा यांचा असा काही योग जुळून आला होता, की ढगांवरून परतलेला प्रकाश यंत्राला आगीच्या लोळासारखा भासला. ज्या सूर्यप्रकाशावर पिके वाढतात, त्यानेच त्या रात्री जग जळण्याची वेळ आणली होती. अशी फसगत होण्याची ती पहिलीच खेप नव्हे. ५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्रीनलंडमधील थुले येथील अमेरिकन रडारने असाच मोठ्या हल्ल्याचा इशारा दिला होता. शोध करता कळले, की नॉर्वेच्या बाजूने उगवणारा चंद्र तिला दिसला होता! त्या वेळीही माणसेच थबकली. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव तेव्हा स्वतः न्यूयॉर्कमध्ये होते. ते तेथे असताना त्यांचे राष्ट्र अमेरिकेवर अस्त्रे कशी सोडील, ही शंका यंत्राला येणे शक्यच नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या रात्री यंत्र खोटे बोलले काय? नाही. त्याने आपले काम चोख केले. अमुक ठिकाणी अमुक इतका तेजस्वी ठिपका दिसला तर इशारा द्यावा, असे त्याला शिकविले होते. तसा ठिपका दिसला आणि त्याने इशारा दिला. देवळात कौल लावावा आणि देवाने उजवा किंवा डावा द्यावा, तसा त्याने होय किंवा नाही एवढाच कौल दिला. पाचच का, आत्ताच का, हा प्रश्न त्याच्या पोटात कोणी घातलेला नव्हता. मग तो त्याच्या ओठांवर कोठून येणार?

यावर कोणी म्हणेल, त्यात काय मोठेसे! क्षेपणास्त्रे थोडी असतील तर इशारा देऊ नये, असा आणखी एक नियम यंत्रात घातला म्हणजे झाले. या म्हणण्यात तथ्य आहे. चुकांतून शिकून यंत्रे सुधारता येतात, आणि ‘ओको’ही पुढे सुधारण्यात आली, एका उपग्रहाचे म्हणणे निराळ्या कक्षेतील दुसऱ्या उपग्रहाच्या साक्षीशी ताडून पाहण्याची व्यवस्था झाली. परंतु खरी अडचण निराळी आहे. नियम किती क्षेपणास्त्रांचा करावयाचा? दहांचा, की पन्नासांचा? नऊ खरोखरच आली आणि यंत्र गप्प राहिले तर? तो आकडा ज्याने ठरविला, नैतिक निर्णय त्याने घेतलेला असेल, यंत्राने नव्हे. यंत्र त्या निर्णयाचे केवळ वाहन होईल. आणि ज्या प्रसंगाचा विचार नियम करणाराच्या स्वप्नातही आला नसेल, तेथे नियमाचे बोट धरून चालणारे यंत्र एक तर थांबेल, नाही तर खड्ड्यात जाईल.

अलीकडचे संगणक नियमांवरच विसंबून नसतात. त्यांना लाखो उदाहरणे दाखवितात, आणि त्यांवरून ते आपल्यापुरते आडाखे बांधतात. ही मोठीच प्रगती होय, यात शंका नाही. परंतु पेत्रोव यांच्यापुढील प्रसंगाची उदाहरणे आणावयाची कोठून? अण्वस्त्रांनी सज्ज असलेल्या दोन महासत्तांचे युद्ध जगात एकदाही झालेले नाही, आणि ते न होणे हेच मानवजातीचे भाग्य आहे.

चालकाविना धावणाऱ्या मोटारीच्या बाबतीत हा पेच निराळ्या रूपाने पुढे आला. अपघात अटळच असेल, तर मोटारीने कोणाला वाचवावे? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी २०१६ साली असे कल्पित प्रसंग रचून जगभरच्या लोकांपुढे ठेवले. २३३ देश आणि प्रदेशांतून सुमारे ४ कोटी उत्तरे जमली, आणि २०१८ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वृद्धांच्या आधी मुलांना वाचवावे, असा लोकांचा सर्वसाधारण कल दिसला. पूर्वेकडील देशांत मात्र तो बराच सौम्य होता. उलट जर्मनीच्या शासनाने नेमलेल्या एका समितीने २०१७ सालीच निःसंदिग्ध शब्दांत सांगितले होते, की अशा प्रसंगी वय किंवा स्त्री-पुरुष हा भेद पाहून माणसामाणसांत निवड करण्यास यंत्राला सक्त मनाई असावी. आता यंत्राने कोणाचे ऐकावे? कोट्यवधी उत्तरे मोजून बहुमत कोणीकडे आहे हे यंत्र क्षणात सांगेल. परंतु बहुमत ज्या बाजूला आहे तीच बाजू न्यायाची आहे की नाही, हे मोजणीतून निघत नाही. आजी आणि नातू यांच्यातून एकाला निवडा असे म्हणणारा प्रश्नच मुळी चुकीचा आहे, असे म्हणण्याचे धैर्य त्या समितीने दाखविले. यंत्रापुढे प्रश्न टाकला की ते उत्तर शोधू लागते.

इतके सांगितल्यावर माणसाची स्तुती करून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तसे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. कारण १ सप्टेंबरची ती घटना विसरून चालणार नाही. २६९ निरपराध जिवांचा बळी घेणारा हुकूम कोणत्याही यंत्राने सोडला नव्हता. तो माणसांनीच दिला आणि माणसानेच पाळला. हे विमान हेरगिरीचेच असले पाहिजे, हा आडाखाही माणसांचाच होता. भीती, घाई, संशय आणि वरिष्ठांचा धाक यांनी माणसाचा विवेक कसा झाकोळतो, याचे ते भयंकर उदाहरण आहे. यंत्राला राग येत नाही, झोप येत नाही, धाक वाटत नाही. या बाबतीत ते माणसाहून सरसच ठरते, आणि म्हणूनच पहाऱ्यावर त्याला बसवावे लागले.

मग एकाच महिन्यात, एकाच राष्ट्राच्या हवाई संरक्षण दलात, एका ठिकाणी असा अनर्थ झाला आणि दुसऱ्या ठिकाणी तो टळला, याचे कारण काय? दोन्हीकडे माणसेच होती. फरक एवढाच, की पेत्रोव यांनी स्वतःच्या भीतीवरही शंका घेतली आणि यंत्राच्या कौलावरही. आपला शब्द खरा मानला गेला तर कोण मरणार आहे, हे त्यांच्या डोळ्यांपुढे होते. सीमेपलीकडची ती माणसे त्यांनी कधी पाहिलीही नव्हती. निर्णय चुकला तर त्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागणार, हेही त्यांना ठाऊक होते. हे ओझे यंत्रावर ठेवता येत नाही. चूक झाली तर यंत्राला पश्चात्ताप होत नाही, शिक्षा करून त्याला दुःख होत नाही, आणि क्षमा केली तरी त्याला तिचा उपयोग नाही. तराजू फुटला तर नवा आणतात; त्याला कोणी न्यायालयात उभा करीत नाही.

राष्ट्रांनाही या गोष्टीची जाणीव झालेली दिसते. १६ नोव्हेंबर २०२४ रोजी पेरू देशातील लिमा येथे अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांची भेट झाली. अनेक बाबतींत त्यांचे मतभेद होते. तरीही अण्वस्त्रांच्या वापराचा निर्णय माणसाच्याच हाती राहिला पाहिजे, यावर दोघांचे एकमत झाले. तो शब्द किती पाळला जातो, हे काळच दाखवील.

पेत्रोव यांची हकीकत मात्र पुष्कळ वर्षे गुप्तच राहिली. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला, आणि त्यानंतरच ती हळूहळू जगापुढे आली. उतारवयात त्यांना काही मानसन्मान लाभले. २०१३ साली जर्मनीतील ड्रेस्डेन शहराचा शांतता पुरस्कार त्यांना देण्यात आला. मॉस्कोजवळील फ्र्याझिनो गावी ते साधेपणाने राहत. १९ मे २०१७ रोजी त्यांचे निधन झाले. आपण काही पराक्रम केला असे ते मानीत नसत. ते आपले कामच होते, असे म्हणत.

त्या रात्रीनंतर झालेल्या चौकशीत त्यांना बक्षीस तर नाहीच, उलट बोल मात्र लागला. वरिष्ठांनी ठाण्याची नोंदवही मागविली, तेव्हा त्या घटकांची पाने कोरी आढळली. घडणारी प्रत्येक गोष्ट तेथल्या तेथे लिहून ठेवण्याचा नियम होता. तो मोडला कसा, असा जाब त्यांना विचारण्यात आला. पेत्रोव यांनी उत्तर दिले, की एका हातात दूरध्वनी होता, दुसऱ्या हातात सूचना देण्याचे यंत्र होते, आणि तिसरा हात त्यांना नव्हता.